घाट फोडणारा ठेकेदार : शेठ वालचंद हिराचंद



स्मरणिकेसाठी रेल्वेविषयी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळींचा आग्रह दोन-तीन वर्षांपासून होता. डिप्लोमा करून मी रेल्वेच्या इंजिनिअरिंग विभागात लागलो, त्याला आता वीस वर्षे उलटून गेली. रूळ, पूल, मोऱ्या, गिट्टी आणि ठेकेदार यांच्यातच माझे दिवस जातात. शेवटचा शब्द वाचून काहीजण हसले असतील. महाराष्ट्रात ज्याला कंत्राटदार म्हणतात त्याला आपण इकडे ठेकेदार म्हणतो, आणि तो शब्द तोंडात आला की आपला चेहरा थोडा बदलतोच. पुरानी बस्ती असो की तात्यापारा, आपल्या घरांत मुलगा नोकरीला लागला की पेढे वाटतात. मुलगा ठेकेदारी करतो म्हटले की मुलीकडचे लोक आधी चौकशी करतात.

म्हणून यंदा मी मुद्दाम एका ठेकेदाराचे चरित्र सांगणार आहे. त्यांचे नाव शेठ वालचंद हिराचंद. जहाजे, विमाने आणि मोटारी यांच्यामुळे त्यांचे नाव मोठे झाले. पण या सगळ्याच्या आधी ते रेल्वेचे ठेकेदार होते, आणि त्यांनी उभी केलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी १९२६ पासून आजपर्यंत चालू आहे. शंभर वर्षे टिकलेली बांधकाम कंपनी आपल्या देशात विरळाच.

सोलापूरचा मुलगा

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी घराणे मूळचे काठियावाडातील वांकानेरचे, धर्माने दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने ही मंडळी सोलापूर भागात आली आणि तिथलीच झाली. आपणा छत्तीसगडच्या मराठी माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज भोसल्यांच्या काळात इकडे आले, कित्येकांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीमुळे आले. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, आणि माती मात्र इथलीच. वालचंदांचेही तसेच होते.

जन्मानंतर थोड्याच काळात त्यांची आई वारली. शिक्षण सोलापूरच्या सरकारी हायस्कुलात झाले. १८९९ साली मॅट्रिक झाल्यावर ते मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण पदवी पदरात पडली नाही. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. पेढी चालू होती, नाव होते, पैसा होता. गादीवर बसून व्याज मोजत आयुष्य सुखात गेले असते. पण त्यात त्यांचे मन रमले नाही. त्यांना काहीतरी उभे करायचे होते.

फाटक आणि वालचंद

इथे या गोष्टीत दुसरा माणूस येतो, आणि तो मला व्यक्तिशः फार जवळचा वाटतो. त्यांचे नाव लक्ष्मणराव बळवंत फाटक. ते पूर्वी रेल्वेत कारकून होते. नोकरी सोडून ते ठेके घेऊ लागले. काम कसे चालते, मोजमाप कसे होते, बिल कुठे अडते, साहेबाला काय लागते, हे सारे त्यांना आतून माहीत होते. कमतरता होती ती भांडवलाची.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टेंडर भरायचे तर आधी अनामत रक्कम लागते. काम मिळाले की सिक्युरिटी डिपॉझिट. मग माणसे, अवजारे, तंबू, दाणापाणी. मजुराला आठवड्याला पैसे द्यावे लागतात. पण ठेकेदाराचे बिल काम झाल्यावर, मोजमाप पुस्तकात नोंद होऊन, तपासणी होऊन, महिना-दोन महिन्यांनी निघते. या मधल्या काळात जो तग धरतो तोच ठेकेदार टिकतो. काम उत्तम येते पण मधला काळ काढता येत नाही, म्हणून बुडालेली माणसे मी पाहिली आहेत.

फाटकांकडे कामाचे ज्ञान होते, वालचंदांकडे पैसा उभा करण्याची ताकद आणि पत होती. दोघांनी मिळून फाटक-वालचंद अशी भागीदारी केली. एक माजी रेल्वे कारकून आणि एक कॉलेज अर्धवट सोडलेला सावकाराचा मुलगा; इंजिनिअरिंगची पदवी दोघांकडेही नव्हती. भागीदारीच्या नावात फाटकांचे नाव आधी आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यांचे सुरुवातीचे काम होते बार्शी लाइट रेल्वेचे, येडशी ते तडवळे हा भाग. लांबी अवघी काही मैलांची. बार्शी लाइट म्हणजे अडीच फुटी, ७६२ मिलिमीटर गेजची छोटी गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने हलक्या एक्सलभाराची ही लाइन आखली आणि १८९७ साली ती सुरू झाली. आपल्या रायपूर-धमतरीच्या छोट्या लाइनचा गेजही हाच. १९०० साली सुरू झालेल्या त्या लाइनने ज्यांनी राजिमच्या जत्रेला किंवा धमतरीला प्रवास केला असेल, त्यांना बार्शी लाइट डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. तिकडेही आणि इकडेही आता ब्रॉडगेजचा जमाना आला आहे. पण देशातला एक मोठा उद्योगसमूह अशाच एका छोट्या गाडीच्या भरावावर सुरू झाला, याची मला मोठी गंमत वाटते.

भरावाच्या कामात दिखाऊ असे काही नसते. माती खोदायची, थर टाकायचे, दाबायचे, मोऱ्या बांधायच्या, उतार राखायचा. पावसाळा आला की काम कसे झाले ते आपोआप कळते. त्या पावसातून फाटक-वालचंदांचे काम पार पडले, आणि पुढे जीआयपी रेल्वेची मोठी कामे मिळत गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधकामाची मागणी वाढली आणि भागीदारीचा पसाराही वाढला. १९२० च्या सुमारास टाटांबरोबर हातमिळवणी होऊन टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. सोलापूरचा ठेकेदार आता देशातल्या पहिल्या प्रतीच्या उद्योगपतींच्या बरोबरीने बसू लागला.

बोरघाट

आता बोरघाटाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण वालचंदांचे मोठेपण मला तिथे दिसते.

मुंबईहून पुण्याला जाणारी रेल्वे १८६३ साली बोरघाट चढली. चढण ३७ ला १, म्हणजे दर ३७ फुटांना एक फूट वर. आमच्या सपाट भागात शंभराला एकचा चढ आला तरी ड्रायव्हर जपून असतो, त्यावरून कल्पना करा. त्या घाटाचा पहिला ठेका विल्यम फॅव्हिएल या इंग्रज ठेकेदाराकडे होता. मजुरांची मजुरी थकली, असंतोष वाढला आणि १८५९ च्या जानेवारीत घाटात दंगल झाली. पुढे फॅव्हिएलने काम सोडले. नंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून येऊन थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल यांनी ठेका पुढे चालवला आणि इंजिनिअरांच्या मदतीने काम तडीस नेले. कामाचा जोर असताना घाटावर चाळीस हजारांवर माणसे राबत होती. पटकी आणि ताप यांनी किती गेली त्याची मोजदाद करणेही कठीण.

राबणारी सारी माणसे इथली, पण ठेकेदार, सर्वेअर, इंजिनिअर सगळे तिकडचे. इतके मोठे काम घेण्याची कुवत हिंदी ठेकेदारात नाही, असेच त्या काळी मानले जाई.

त्या जुन्या लाइनवर एक अडचण राहून गेली होती, रिव्हर्सिंग स्टेशनची. गाडी चढत चढत एका टोकाला जाई, तिथे रूळ संपत. मग इंजिन दुसऱ्या बाजूला लावून गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढे. यात वेळ जाई, आणि त्या टोकाच्या जागेत मावेल एवढीच गाडीची लांबी ठेवावी लागे. वाहतूक वाढली तशी ही जागा गळ्यातला फास झाली. ती टाळायची तर डोंगरातून नवे बोगदे काढून लाइन वळवणे हाच उपाय होता.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हे बोगद्यांचे काम वालचंदांच्या कंपनीने केले. सह्याद्रीचा काळा कठीण पाषाण, पावसाळ्यात चार महिने कोसळणारे पाणी, आणि शेजारच्या लाइनवरून गाड्या चालूच. बोगद्यात छिद्रे पाडायची, सुरुंग भरायचे, उडवायचे, धूर जाईपर्यंत थांबायचे, मलबा बाहेर काढायचा, छत तपासायचे, पुन्हा छिद्रे. मोठा बोगदा दोन्ही तोंडांकडून खणत आणतात. मधोमध दोन्ही टोके एकमेकांना बरोबर मिळाली पाहिजेत. मोजणीत थोडी जरी तफावत राहिली तरी सारे श्रम वाया. काम पार पडले. १९२९ साली गाड्या नव्या मार्गाने जाऊ लागल्या आणि रिव्हर्सिंग स्टेशन बंद झाले. त्याच सुमारास घाटात विजेची इंजिने आली आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली.

ज्या घाटात साठ-पासष्ट वर्षांपूर्वी हिंदी माणसाने फक्त टोपली उचलली होती, त्याच घाटात हिंदी ठेकेदाराने आपल्या जबाबदारीवर डोंगर फोडला. मुंबई-पुणे प्रवासात आपण खिडकीतून धबधबे पाहतो आणि बोगदा आला की मुले ओरडतात. पुढच्या वेळी बोगदा आला की मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

कंपनी उभी राहिली

१९२६ साली वालचंदांनी आज हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन म्हणून ओळखली जाणारी कंपनी स्थापन केली. पुढे टाटांनी बांधकामाच्या धंद्यातून अंग काढून घेतले आणि १९३५ साली जुन्या कंपनीचे नाव प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाले. तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी नळवाहिनी, सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल, ब्रह्मदेशातील इरावतीवरचा पूल अशी कामे वालचंदांच्या कंपन्यांनी केली. सोलापूर जिल्ह्याच्या शेजारी बार्शी लाइटचा भराव टाकणारा माणूस वीस-पंचवीस वर्षांत सिंधूपासून इरावतीपर्यंत पोहोचला होता.

१९२७ साली त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळंबजवळचे वालचंदनगर इथे ओसाड माळावर ऊस उभा केला, साखर कारखाने काढले. रावळगावच्या गोळ्या आपण सर्वांनीच खाल्ल्या आहेत, तेव्हा त्याबद्दल अधिक लिहीत नाही!

जहाज, विमान, मोटार

हा भाग सर्वांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात सांगतो.

१९१९ साली नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींबरोबर वालचंदांनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून लॉयल्टी नावाची आगबोट घेतली. त्यातून सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडला निघाली, आणि म्हणूनच ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इंग्रजी कंपन्यांनी भाडे पाडून सिंधियाला बुडवण्याचा प्रयत्न केला. १९२३ च्या करारात तिला किनारी वाहतुकीपुरते जखडून ठेवले. नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ पासून वालचंद अध्यक्ष झाले आणि वीस वर्षे त्यांनी हा लढा चालवला.

जहाजे बांधायची म्हणून विशाखापट्टणमला गोदी काढली. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रबाबूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले, काम विस्कळीत झाले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा ही बोट पाण्यात उतरली. आपली रायपूर-विजयानगरम लाइन १९३१ साली पूर्ण झाली ती छत्तीसगडला त्याच विशाखापट्टणम बंदराशी जोडण्यासाठी. तेव्हा ही गोष्ट आपल्या दारावरूनच गेली आहे असे म्हणायला हरकत नाही.

१९४० च्या डिसेंबरमध्ये म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. आजच्या एचएएलचे मूळ तेच. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली, जिच्या प्रीमियर पद्मिनी पुढे मुंबईच्या टॅक्सी म्हणून घरोघरी माहीत झाल्या.

यातले बरेच त्यांच्या हातून गेलेही. विमानाचा कारखाना १९४२ साली, युद्ध चालू असतानाच, सरकारने आपल्या ताब्यात घेतला. विशाखापट्टणमची गोदी १९५२ साली हिंदुस्थान शिपयार्ड झाली आणि सरकारकडे गेली. उभारायचे एकाने आणि चालवायचे दुसऱ्याने, असे झाले. माझ्या मते याचे बीज त्यांच्या ठेकेदारीतच होते. ठेकेदाराला सवयच असते. पूल बांधायचा, सोपवायचा आणि पुढच्या नदीकडे निघायचे. पुलावर त्याचे नाव राहतेच असे नाही, पण गाड्या जात राहतात.

अखेर आणि नंतर

१९४९ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. दुसऱ्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले, वयाच्या सत्तराव्या वर्षी. सांगलीला १९४७ साली सुरू झालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजला १९५५ साली त्यांचे नाव देण्यात आले. स्वतः पदवी न घेतलेल्या माणसाच्या नावाच्या कॉलेजातून हजारो मराठी इंजिनिअर बाहेर पडले.

बांधकाम कंपनी मात्र चालत राहिली. कोयना धरण, फराक्का बंधारा, केरळातील इडुक्कीचे कमानी धरण, २००९ साली खुला झालेला मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू ही तिची कामे. आम्हा रेल्वेवाल्यांना अभिमान वाटावा अशी दोन कामे काश्मीरच्या लाइनवर आहेत. एक, बनिहाल-काझीगुंडमधला सव्वाअकरा किलोमीटरचा पीर पंजाल बोगदा, जो २०१३ साली सुरू झाला. आणि दुसरे, २०२५ साली खुला झालेला अंजी नदीवरचा केबलवर तोललेला पूल. बोरघाटात सुरुंग लावणाऱ्या कंपनीनेच पीर पंजाल फोडला.

सारे दिवस सारखे नसतात, हेही सांगितले पाहिजे. गेल्या दशकात ही कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली बरीच वाकली. तिची उपकंपनी असलेली लवासा २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हाती असलेले बळ आणि अंगावर घेतलेले काम यांचा मेळ शंभर वर्षांच्या घराण्यालाही रोज नव्याने घालावा लागतो.

आपण काय घ्यावे

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका छोट्या मोरीच्या कामावर होतो. ठेकेदार लहान माणूस, बहुधा त्याचा दुसराच ठेका. दिवाळी तोंडावर आली आणि त्याचे बिल काही कारणाने अडकले. मजूर सगळे गावाकडे जायला निघालेले. त्याने पत्नीचे दागिने गहाण ठेवले आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सगळ्यांचा हिशेब चुकता केला. दिवाळीनंतर एकूण एक मजूर कामावर परत आला. शेजारच्या कामावरचे अर्धेही आले नव्हते. ती मोरी आजही माझ्या सेक्शनमधल्या उत्तम मोऱ्यांपैकी आहे. बोरघाटात १८५९ साली फॅव्हिएलचे काय झाले ते वाचताना मला हा माणूस आठवतो.

छत्तीसगड राज्य २००० साली झाले. त्यानंतर रायपूरभोवती किती बांधकाम झाले ते आपण पाहतोच आहोत. रस्ते, उड्डाणपूल, नवे रायपूर, दुसऱ्या-तिसऱ्या रेल्वे लाइन. त्या कामांच्या फलकांवर मराठी नाव शोधावे लागते. आपली मुले हुशार आहेत. डिप्लोमा होतात, डिग्री घेतात आणि मग परीक्षांचे फॉर्म भरत वयाची तिशी गाठतात. नोकरी वाईट असे मी कसे म्हणेन? माझा संसार नोकरीवरच चालला. पण ज्या मुलाला साइटवर उभे राहायला आवडते, ज्याला माणसे सांभाळता येतात, त्याला घरच्यांनी अडवू नये एवढेच सांगणे आहे.

भांडवल नाही, ही पहिली अडचण सांगितली जाते. फाटकांकडेही ते नव्हते. ज्याच्याकडे काम आहे त्याने ज्याच्याकडे पैसा आहे असा भरवशाचा सोबती शोधावा, आणि पैसेवाल्याने कारागिराचे नाव आधी लावण्याइतके मोठे मन ठेवावे. आपल्या वस्तीत निवृत्त झालेले, फंडाचे पैसे बँकेत ठेवून व्याज मोजणारे काका आहेत. आणि त्याच गल्लीत काम येणारी पण अनामत रक्कम नसलेली मुलेही आहेत. उत्सवाच्या मांडवात ही दोघे दहा दिवस शेजारी बसतात. आरतीनंतर प्रसाद घेताना या विषयावरही दोन शब्द बोलावेत, अशी माझी विनंती.

आणि आपल्यापैकी जे माझ्यासारखे टेबलाच्या अलीकडे बसतात, त्यांनी चांगल्या ठेकेदाराचे योग्य बिल वेळेवर पुढे पाठवावे. त्या कागदामागे चाळीस-पन्नास चुली असतात.

विघ्नहर्ता सर्वांच्या कामातली विघ्ने दूर करो आणि हाती घेतलेले काम तडीस नेण्याची बुद्धी देवो, ही श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!